अकरा वाजताची बाभूळ

कोजागरीचं मसाला दूध पिऊन एक वाजता पाठ टेकली आणि चारला खाली हॉर्न वाजला. आमचे साडू रिटायर झाल्यापासून पक्षी बघतात, आणि पक्षी बघणाऱ्याला दुसऱ्याची झोप बघवत नाही.

"पौर्णिमेचं उधाण आहे, चला!"

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत १० मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला पक्षी पार आत चिखलात, उधाणाला पाणीच त्यांना शेतांच्या कडेला आणून सोडतं. म्हणजे वेळ चंद्र ठरवणार. त्याचं काय जातं, तो दिवसा झोपतो.

बडोद्याहून पादरा, जंबुसर करत कावीच्या अलीकडे उतरलो. दवाने भिजलेली कपाशी, काळी माती बुटाला धरून बसलेली. हिने प्रेमाने दिलेला केशरी टी-शर्ट बघून साडूंनी कपाळाला हात लावला.

"ती बाभूळ दिसते?"

"दिसते."

"तिच्यात अकरा वाजता."

तेव्हा पावणेसात झाले होते. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी धरायची आणि अकराच्या जागी बघायचं, हे मला मागाहून कळलं. शिवाय त्या खाऱ्या जमिनीवर नजर पोचेल तिथवर वेडी बाभूळच. दुर्बिणीत आधी माझ्या पापण्या आल्या, मग एक काटा, फार सुबक.

"गप्पीदास! बघितलात?"

फांदी हलत होती. पक्षी नुकताच उडून गेलेल्या इतक्या फांद्या मी पाहिल्यात की त्यांची यादी करायची झाली तर गुजरातेत माझा हात कुणी धरणार नाही.

मग कपाशीवरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, तरंगत गेला. मध्य आशियातून आलेला, आणि मादी. नर कुठल्या जातीचा ते ओळखता येतं म्हणे. मादीच्या गळ्याभोवती फिकट पट्टा आहे की नाही यावर साडू आणि त्यांचे मित्र हमरीतुमरीवर आले. मादी नाकतोडे वेचत निघून गेली.

बांधावरचे एक काका बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "शुं खोवायुं छे, भाई?"

परतताना नीळकंठ मात्र मी स्वतः शोधला. विजेच्या तारेवर, एकटा, उघड्यावर. तारेवर बसणाऱ्या पक्ष्यांबद्दल मला नितांत आदर आहे. "हा तर कॉमन," साडू म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरची यादी मलाही शेअर केली. तिच्यानुसार मी तीन प्रकारचे वटवटे पाहिलेत. हिने ती माहेरच्या ग्रुपवर टाकली. आता पुढच्या रविवारी वढवाणा. सयाजीरावांच्या काळातला तलाव, २०२१पासून रामसर स्थळ. "तिथे नुसतं पाणीच पाणी," साडूंनी धीर दिला, "बाभळीचा प्रश्नच नाही. सरळ बघायचं, बदकांच्या थव्यात, दोन वाजता."