‘सशांवरचे प्रयोग वाया गेले’? मेनिंजायटिसबाबत तरी नाही

एक दावा सध्या जोरात फिरतोय: ‘जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसवर, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहावर, इतकी वर्षं सशा-उंदरांवर प्रयोग झाले, माणसाच्या हाती काही लागलं नाही. आणि संसर्गात स्टेरॉइड देणं म्हणजे तर आगीत तेल.’

आधी ‘हाती काही लागलं नाही’ हे घेऊ. प्रतिजैविकाने जिवाणू फुटले की त्यांचे तुकडे मेंदूभोवतालच्या द्रवात पसरतात आणि दाह काही काळ उलट भडकतो. हे सशांचा तो द्रव काढून मोजल्यावर दिसलं. सेफ्ट्रियाक्झोन हे प्रतिजैविक दिल्यावर टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू वाढला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधी किंवा सोबत दिलं तेव्हा तो दबला. मागाहून दिलं तर तितका उपयोग झाला नाही. म्हणूनच युरोपात ३०१ प्रौढांवर चाचणी झाली तेव्हा पहिला डोस प्रतिजैविकाच्या १५-२० मिनिटं आधी किंवा सोबतच दिला गेला. २००२ साली निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांऐवजी ७ टक्के. न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे आजारी पडलेल्यांत ३४ ऐवजी १४ टक्के.

‘आगीत तेल’ या भीतीचं उत्तरही त्याच आकड्यांत आहे. नुसतं स्टेरॉइड दिलं तर धोका खराच. पण इथे जिवाणू मारायला प्रतिजैविक असतं, स्टेरॉइड दाह आवरतं. असले संदेश वाचून नातेवाईक ऐन वेळी इंजेक्शनला नकार देतील, याची मला खरी काळजी वाटते.

‘प्राण्यांत जमलं, माणसांत फसलं’ याची उदाहरणं मात्र आहेत, ती लपवू नयेत. शरीर थंड ठेवण्याचा उपाय प्राण्यांत आशादायक वाटला. फ्रान्समधली चाचणी ९८ रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण थंड ठेवलेल्यांत ५१ टक्के दगावले, इतरांत ३१. आफ्रिकेतल्या मलावीत प्रौढांना डेक्सामेथासोनचाही फायदा झाला नाही. पण तिथले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते, अनेक जण उशिरा पोहोचले होते. प्रयोगशाळेतल्या सशाला औषध ठरल्या तासाला मिळतं. औषध कसं आणि केव्हा काम करतं हे प्राण्यांत कळतं; कुणाला द्यायचं, हे माणसांवरची चाचणीच ठरवते.

उंदरांच्या पिल्लांत डेक्सामेथासोनने हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातल्या पेशी जास्त मेल्या, हा खरा गंभीर आक्षेप त्या संदेशात नाहीच. संशोधकांनी तो मनावर घेतला. युरोपातल्या चाचणीतून वाचलेल्या रुग्णांची काही वर्षांनी स्मरणशक्ती आणि आकलन तपासलं, तेव्हा स्टेरॉइड घेतलेले इतरांपेक्षा मागे नव्हते.