परदेशातून : कराटेचा वर्ग आणि चर्चचा हॉल

सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या दोन तट पडले आहेत. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू करावा, असं तरुण संघाने सुचवलं. शिकवायला एक बाई तयार आहेत, फी नाममात्र आहे, हॉल शनिवारी एरवी बंदच असतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी काहींनी हरकत घेतली. कराटेत शिक्षकापुढे वाकतात, गुडघ्यांवर बसून डोळे मिटतात, पोटातून आरोळी ठोकून कसल्यातरी शक्तीला बोलावतात; हे सगळं बौद्ध आणि शिंतो धर्मातून आलेलं, प्रभूच्या घरात त्याला थारा नको. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी सभेत हेच ठासून सांगितलं. माझी भाची शाळेत आधीपासून कराटे शिकत होती. ती नववीत आहे, पट्ट्याची परीक्षा तोंडावर आली होती. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून तिने जाणं बंद केलं.

मी नेदरलँड्समध्ये राहते, उट्रेख्तजवळ. माझा मुलगा इथे ज्युदोला जातो. बहिणीने फोनवर विचारलं, "ताई, तुमच्याकडे चर्चवाले काही म्हणत नाहीत का गं?"

काहीच म्हणत नाहीत. इथे गावोगावी ज्युदोचे वर्ग आहेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अँटन गेसिंक या डच पैलवानाने जपानच्या घरात, जपानी मल्लाला हरवून खुल्या गटाचं सुवर्ण जिंकलं. आनंदाने चटईकडे धावलेल्या आपल्याच माणसांना त्याने हात वर करून थांबवलं आणि आधी प्रतिस्पर्ध्याला रीतसर मान दिला. तेव्हापासून ज्युदो हा इथला घरचा खेळ झाला. आईबाप मुलाला पोहायला पाठवतात तसं ज्युदोला पाठवतात.

पण "तिकडे चालतं, मग इकडेही चालू द्या" हा युक्तिवाद मी करणार नाही. इथे कुणी हरकत घेत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे हरकत घेणारी मंडळीच उरलेली नाही. आर्नहेममध्ये एका जुन्या चर्चमध्ये काही वर्षं मुलं स्केटबोर्ड खेळत. मास्ट्रिख्तच्या डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे. उर्कसारख्या गावांत अजून रविवार कडक पाळतात, पण बाकी देशात विश्वास हा ज्याच्या त्याच्या मनातला खाजगी मामला झालाय, हातापायांनी काय करायचं ते तो सांगत नाही. आमच्या पंचांना निदान असं वाटतं की शरीर कुणापुढे झुकतं याला अर्थ आहे. त्यांच्या या काळजीबद्दल मला आदर आहे, आणि इतक्या लांब राहून तो जास्तच वाटतो. माझं भांडण वेगळं आहे. वाकण्यावर त्यांच्या तीन बैठका झाल्या. कराटेत हात उगारायला शिकवतात, आणि दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या प्रभूच्या शिष्यांनी त्याचं काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न एकाही बैठकीत निघाला नाही.

आधी वाकण्याचंच बघू, कारण पवित्र शास्त्रात त्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अब्राहामाला सारेला पुरायला जमीन हवी होती, तेव्हा तो हेथी लोकांपुढे लवला. ती रीत होती, उपासना नव्हती. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेदनगो सोन्याच्या मूर्तीपुढे लवायला नकार देऊन भट्टीत गेले. तिथे राजाची आज्ञाच उपासनेची होती. या दोन टोकांच्या मध्ये नामान उभा आहे. अरामाचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला, इस्राएलाच्या देवाला मानू लागला, आणि निघताना अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की माझा राजा रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला दटावलं नाही. शांतीने जा, एवढंच सांगितलं. हे तर खुद्द देऊळ होतं. शाळेच्या मैदानावर शिक्षिकेला केलेला नमस्कार त्याहून कितीतरी साधा आहे.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. वॉशिंग्टन राज्यातल्या काही ज्युदो खेळाडूंनी चटईला आणि भिंतीवरच्या फोटोला वाकायला धर्माचं कारण देऊन नकार दिला. २००२ मध्ये न्यायालयाने ठरवलं की हे वाकणं धार्मिक विधी नाही, खेळाच्या शिस्तीचा भाग आहे. अर्थात कोर्टाच्या निकालाने कुणाचा विवेक शांत होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून खेळ आला कुठून तेही बघावं. ज्युदो १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी सुरू केला. ते पेशाने शिक्षक होते, पुढे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले. कराटे १९०१ च्या सुमारास ओकिनावातल्या शाळांत व्यायाम म्हणून आलं, आणि गिचिन फुनाकोशी या शाळामास्तरांनी १९२२ मध्ये ते टोकियोत नेलं. सोलापूरच्या शाळांच्या मैदानांवर जे पोहोचलंय ते हे शाळेतलं कराटे आहे. आरोळीचं म्हणाल, तर मार्केट यार्डात पोतं पाठीवर घेताना हमाल जो हुंकार देतो, त्यात आणि तिच्यात मला फरक दिसत नाही. पोटातला श्वास जोराने बाहेर पडतो आणि अंगात बळ येतं.

सगळ्याच कला मात्र एका मापाने मोजू नयेत. ऐकिदो या जपानी युद्धकलेचे जनक मोरिहेई उएशिबा ओमोतो या पंथाचे अनुयायी होते आणि ती श्रद्धा त्यांच्या शिकवणीत मुरलेली आहे. कोरियाच्या तायक्वांदोतले तेगुक नावाचे क्रम चिनी तत्त्वज्ञानातल्या आठ चिन्हांवर बेतलेले आहेत. केरळच्या कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यात, कोपऱ्यात देवतेचं स्थान असतं आणि शिष्य आधी तिथे वंदन करतो. तरीही त्याच केरळात संत थोमाचे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या कळरीत शिकून लढवय्ये म्हणून नावाजले होते. शिक्षक पूजा करायला लावत असेल, किंवा हाताच्या तळव्यातून अदृश्य शक्ती सोडून रोग बरे करतो म्हणत असेल, तर मीही मुलाला तिथून उठवून आणीन. वर्ग बघावा, बाईंशी बोलावं, मग ठरवावं. आमच्या हरकत घेणाऱ्यांपैकी एकानेही अजून त्या बाईंचा वर्ग पाहिलेला नाही.

आणि परक्या घरातून आलेलं नको म्हणणारे आपण रविवारी गातो काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशीच त्यांची भावना होती. आज आपल्या गायनपुस्तकातून टिळकांची गीतं काढली तर मराठी उपासना मुकी होईल. टाळ, मृदंग आणि अभंगाचा छंद ज्या मंडळीने येशूच्या पायाशी आणला, तिला एका व्यायामाची भीती वाटावी याचं मला वाईट वाटतं.

माझे आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते आणि पहाटे तालमीत जायचे. वडील सांगायचे, तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती ते कपाळाला लावायचे, जोडीदाराला सलामी द्यायचे आणि लंगोट कसून उतरायचे. शनिवारी मारुतीची आरती सुरू झाली की घागर उचलून विहिरीवर पाणी काढायला जायचे. वस्तादांना कारण माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आजोबांनी कधी तालीम सोडली नाही. रविवारी हेच आजोबा पुढच्या बाकावर बसलेले असत. यब्बोक नदीच्या काठी याकोब रात्रभर झुंजला, तो बायबलच्या उत्पत्तीतला भाग त्यांचा सगळ्यात आवडता. मातीला मान द्यायचा, मूर्तीला नाही, ही रेघ त्यांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने आखली होती. त्यासाठी त्यांना कुठल्या बैठकीची गरज पडली नाही.

आता हाताचा प्रश्न. इथे मात्र हा देश मला बरंच काही शिकवून गेला.

मेनो सिमन्स हा सोळाव्या शतकातला, इथल्या फ्रिसलंड प्रांतातला पाद्री. त्याच्या नावावरून ओळखले जाणारे मेनोनाइट ख्रिस्ती तलवार धरत नाहीत, सैन्यात जायलाही नाही म्हणत आले. त्या काळी अशा लोकांना पकडून जाळत. दिर्क विलेम्स हा त्यांच्यापैकी एक. तुरुंगातून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता, मागे शिपाई लागला होता. शिपायाच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो बुडायला लागला. दिर्क परत फिरला आणि त्याला हात देऊन वर काढलं. त्या शिपायानेच मग त्याला धरून नेलं, आणि १५६९ च्या मे महिन्यात आस्पेरन गावी दिर्कला जिवंत जाळलं. आस्पेरन माझ्या घरापासून लांब नाही. मी तिथे गेले आहे. इतर वेळी दुसऱ्या गालाबद्दलचं वचन वाचताना मी पुढे सरकत असे. त्या गावात तसं करता आलं नाही.

माझ्या ओळखीच्या एक वयस्कर मेनोनाइट बाई आहेत. मुलगा ज्युदोला जातो हे कळल्यावर त्या मला शांतपणे म्हणाल्या, वाकण्याने काही बिघडत नाही, पण हाताला एकदा सवय लागली की हात निमित्त शोधतो. सोलापूरच्या तिन्ही बैठकांत जे बोलणं व्हायला हवं होतं, ते मी त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकलं. मला त्यांचं म्हणणं हलकं वाटत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूला धरायला लोक आले, त्यांतल्या मल्खाचा कान पेत्राने तलवार काढून कापला, तेव्हा प्रभूने त्याला थांबवलं आणि तो कान बरा केला. पेत्र प्रभूच्या रक्षणासाठीच उभा होता, तरी थांबवलं.

तरीही मी त्या बाईंशी पूर्ण सहमत नाही. दिर्कने जीव दिला तो स्वतःचा. जाणत्या माणसाने, आपल्या विश्वासाखातर, स्वतः ठरवून दिला. चौदा वर्षांच्या मुलीच्या वतीने तो निर्णय घ्यायचा अधिकार मला नाही, पंचांना नाही आणि त्या प्रचारकांनाही नाही. गालावरची थप्पड हा अपमान आहे, आणि अपमान गिळायला प्रभू सांगतो. पण संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर सात रस्ता चौकाकडून घोळक्याने घरी येणाऱ्या मुलींपैकी एकीचा हात कुणी धरला, तर तो हात सोडवून पळता येणं याला मी सूड म्हणणार नाही. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर मैत्रिणीला सोडवणं त्यातच आलं. आपल्या मुली घोळका करून का चालतात, हे मंडळीतल्या प्रत्येक आईला माहीत आहे. बैठकीत ते कुणी बोललं नाही.

आणि हात निमित्त शोधतो की नाही, ते शिकवण्यावर आहे. माझ्या मुलाला पहिले कित्येक आठवडे फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि जमिनीला टेकताना पसरलेल्या हाताने चटईवर सपकन थाप. पाडायला कसं, ते फार नंतर. पुढे पकड शिकवताना पहिला नियम सांगितला: समोरच्याने दोनदा थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं. एकदा माझ्या मुलाने किंचित उशिरा सोडलं. शिक्षकाने सगळा वर्ग थांबवला, त्याला कडेला बसवलं आणि तास संपेपर्यंत परत घेतलं नाही. जिंकत असताना, हातात माणूस सापडलेला असताना सोडून द्यायचं, हे मी रविवारच्या शाळेत इतक्या नेमकेपणाने कधी शिकले नव्हते. सोलापूरच्या बाई हे शिकवतात का, हा प्रश्न पंचांनी त्यांना जरूर विचारावा. चिडका, फुशारक्या मारणारा शिक्षक असेल तर तो कितीही प्रार्थना करून वर्ग सुरू करो, मुलीला तिथे पाठवू नये.

मूर्तीला दाखवलेल्या मांसाबद्दल पौलाने करिंथकरांना जे लिहिलं, ते मला इथे लागू वाटतं. खायला हरकत नाही, पण त्याने दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर मी खाणार नाही, असं तो म्हणतो. म्हणून हरकत घेणाऱ्यांसाठीही जागा ठेवावी. भिंतीवर कुणाचा फोटो लावू नये. सुरुवातीला डोळे मिटून बसतात त्या वेळी आपल्या मुलींनी प्रभूची प्रार्थना म्हणावी. बाईंची त्याला ना नाही, बहिणीने विचारून घेतलंय. ज्यांना वाकणं नकोच वाटतं त्यांनी सलाम करावा, आपल्या मंडळीत एकमेकांना करतो तसाच. एवढं केल्यावरही कुणाला मुलगी पाठवायची नसेल तर तो त्यांचा निर्णय, त्यावरून त्यांना कुणी टोमणे मारू नयेत. पण हॉलचं दार बाकीच्यांना बंद करू नये.

हे सगळं मी पंचांच्या अध्यक्षांना लिहून पाठवलंय. ते आमच्या वडिलांचे मित्र, मी त्यांना काका म्हणते, आणि त्यांनी सविस्तर उत्तर देईन असं कळवलंय. पुढची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. आतापर्यंतच्या बैठकांत पाळकसाहेब बोलले, पंच बोलले, तरुण संघाची मुलं बोलली. ज्या मुलींसाठी वर्ग आहे त्यांना एकदाही आत बोलावलेलं नाही. काका, या वेळी त्यांना बोलवा. माझी भाची येणार आहे.