भाचीच्या नायिकेचं चिलखत

माझी भाची एका कल्पनारम्य कथेसाठी चित्रं काढते आहे. तिच्या लढवय्या नायिकेचं पहिलं चित्र घरच्या ग्रुपवर आलं आणि दोन दिवस नुसती जुंपली. छातीपुरता आणि कमरेपुरता पत्रा, पोट आणि मांड्या उघड्या. काका म्हणाले, हे शोभत नाही. चुलतभाऊ म्हणाला, जिथे ड्रॅगन उडतात तिथे पोट उघडं राहिलं तर काय बिघडलं? शेवटी तिने नायिकेला गळ्यापासून पायापर्यंत झाकलं. अंगाला चिकटलेलं पोलाद, छातीवर दोन वेगवेगळ्या वाट्या. सगळ्यांचं समाधान झालं.

मी मात्र हे दुसरं चित्र पाहून जास्त अस्वस्थ झाले.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते आणि चार वर्षांपासून जुन्या युरोपीय पद्धतीची तलवारबाजी शिकते. तिथे बायका-पुरुष सगळेच आधी जाड, भरीव अंगरखा चढवतात. सुरुवातीला मला छातीसाठी दोन वाट्यांचं प्लास्टिकचं कवच मिळालं होतं. समोरच्या बाईने भोसकण्याचा वार केला, टोक एका वाटीवरून घसरलं आणि थेट मधल्या खाचेत, छातीच्या हाडावर येऊन आदळलं. तलवार बोथट होती, तरी आठवडाभर खोकताना कळ यायची.

इथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात सोळाव्या शतकातली चिलखतं पाहिली तेव्हा उलगडा झाला. छातीचा पत्रा एकसंध, पुढे फुगीर, कित्येकदा मधोमध उंचवटा. टोक लागलं की बाजूला निसटावं म्हणून. आत इतकी जागा असते की बाईची छाती सहज मावेल. वाट्यांची गरजच नाही. पूर्ण चिलखताचं वजन साधारण १५ ते २५ किलो, पण ते अंगभर वाटलेलं असल्यामुळे माणूस त्यात पळू शकतो, घोड्यावर चढू शकतो.

मापाचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळाच. अमेरिकी सैन्यातल्या स्त्रियांसाठी बेतलेल्या संरक्षक जाकिटाची चाचणी २०१२ मध्ये झाली. त्यात लांबी कमी केली होती, खांदे अरुंद केले होते, म्हणजे बसताना जाकीट टोचू नये आणि बंदुकीचा दस्ता खांद्यात नीट बसावा. ही दुरुस्ती ते घालून दिवस काढणाऱ्या बाईच्या तक्रारीतूनच सुचू शकते. आमच्या ग्रुपवर काका आणि चुलतभाऊ दोघेही नायिकेकडे बघत होते, तिच्या जागी कुणीच उभं राहिलं नाही. इकडचे लोक फार शहाणे आहेत असंही नाही. इथेही खेळांच्या वेष्टनांवर अर्ध्या कपड्यांतल्या योद्ध्या दिसतातच.

ड्रॅगनचा मुद्दा मला पटत नाही. ज्या कथेत तलवारीने माणसं मरतात, तिथे पोटही कापलं जाणारच. त्या देशात सगळेच उघड्या अंगाने लढत असतील तर माझी हरकत नाही. पण भाचीच्या पहिल्या चित्रात नायिकेच्या शेजारचे तिन्ही पुरुष नखशिखांत पोलादात होते.

हे सगळं तिला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मग केसांचं काय करू? ते शिरस्त्राणाबाहेर मोकळे उडतायत."

वेणी घाल, म्हटलं, आणि आतल्या जाड टोपीखाली दाबून टाक. शत्रूच्या हाती लागायला नको.