टेलिकॉम कंपन्या ‘नुसत्या पाईप’ उरल्या? मुळीच नाही

“आयफोन आला आणि टेलिकॉम कंपन्यांचं फोनवरचं राज्य संपलं. भारतात तर ते कधी नव्हतंच. आता ई-सिममुळे, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिममुळे, त्या डेटाच्या नुसत्या पाईप उरतील.” हा दावा चांगली जाणती माणसंही पुढे पाठवतात. तो पटण्यासारखा वाटतो, पण टिकत नाही.

२००७ साली अमेरिकेत आयफोन आला तोच फक्त एटी अँड टी या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कवर. तिची प्रतिस्पर्धी व्हेरायझन, तिच्या ग्राहकांना तो मिळायला फेब्रुवारी २०११ उजाडला. मधल्या काळात आयफोनवर इंटरनेटवरून कॉल करणारं स्काईप होतं, पण ३जीवरून त्याचा कॉल लागत नसे. एटी अँड टीला ते नको होतं. परवानगी मिळाली ऑक्टोबर २००९ मध्ये. याला राज्य संपणं म्हणत नाहीत.

आता भारत. आपण फोन दुकानातून घेतो, सिम वेगळं घेतो, हे खरं. पण सप्टेंबर २०१६ आठवा. जिओने नेटवर्क उभारलं ते फक्त ४जीचं, खाली २जी-३जीचा आधारच नव्हता. म्हणजे साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच जाणार. बाजारातल्या बऱ्याच ४जी फोनमध्ये व्होल्टीची सोय नव्हती. अशा फोनवर इंटरनेट चालायचं, पण बोलायचं तर जिओचं वेगळं ॲप टाकावं लागे. निर्णय एका ऑपरेटरचा आणि धावपळ हँडसेटवाल्यांची! स्वस्तातल्या फोनमध्येही त्यांना व्होल्टी द्यावं लागलं, कारण ‘यात जिओ चालतं का?’ असं गिऱ्हाईक विचारू लागलं. पुढच्याच वर्षी १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, त्यात तर दुसऱ्या कुणाचं सिमच चालत नसे. इतका मोठा बदल इतक्या लवकर विसरला जावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ई-सिमने प्लास्टिकचा तुकडा जातो, स्पेक्ट्रम, म्हणजे नेटवर्क ज्यावर चालतं त्या रेडिओलहरी, ऑपरेटरकडेच राहतो. सिममधली माहिती, म्हणजे प्रोफाईल, ऑपरेटरच पाठवतो, केवायसी तोच करतो. २०१४ मध्ये ॲपलने आयपॅडसाठी स्वतःचं सिम काढलं, हवी ती कंपनी निवडता यावी म्हणून. अमेरिकेत त्यावर एटी अँड टी निवडली की ते सिम तिच्यापुरतंच लॉक व्हायचं. व्हेरायझन तर त्यात आलीच नाही.

फोन कंपन्यांचा जोर मी नाकारत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेल आणि जिओचं ५जी सुरू झालं, तेव्हा आयफोन १२ पासूनच्या फोनमध्ये ५जीचं हार्डवेअर होतं. तरी ॲपलचं सॉफ्टवेअर अपडेट डिसेंबरमध्ये येईपर्यंत ते बंदच राहिलं. पैसे मोजून घेतलेला फोन, दारात आलेलं नेटवर्क, आणि ग्राहक ताटकळत.

पण २०१८ही विसरू नका. नकोशा कॉलची तक्रार नोंदवणारं ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, ॲप ॲपल खासगीपणाचं कारण देऊन आयफोनवर येऊ देत नव्हती. जुलैमध्ये ट्रायने नियम केला की सहा महिन्यांत अशी सोय न देणाऱ्या फोनची मान्यता, ट्रायने आदेश दिल्यास, ऑपरेटरांनी आपल्या नेटवर्कवरून काढावी. नोव्हेंबरमध्ये ते ॲप आयफोनवर आलं.