सहा, सहा, सहा, चार

तिसरीला कविता शिकवायची म्हणजे पहिला प्रश्न चालीचा. फळ्यावर दोन ओळी लिहून होतात न होतात तोच मागून आवाज येतो, "बाई, चाल लावा ना!" आणि एकदा चाल लागली, की कविता पावसाची असो, आईची असो नाहीतर झेंड्याची, अख्खा वर्ग हेल काढत काढत ती गणपतीच्या आरतीवर नेऊन पोचवतो. परवा शेवटच्या कडव्यानंतर कुणीतरी 'मंगलमूर्ती मोरया'सुद्धा म्हणून टाकलं.

मग मी भाबडेपणाने विचारते, "काय आवडलं कवितेत?" सगळे छताकडे बघतात. शेवटी पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी हात वर करते. "बाई, हिच्यात जोड्या लावा येतात का?"

पोरांना तरी काय बोलणार! पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला मेसेज असतो, "कवितेचा अर्थ किती ओळींत अपेक्षित आहे?" एका बाबांनी तर कविता पावसाची असताना ती दिवाळीनंतर का घेतली, याचा खुलासा मागितला. हे पुणं आहे, खुलासा द्यावाच लागतो. 'पुस्तकात ही असली कविता घेतलीच कुणी?' असं विचारणाऱ्यांना मात्र मी थेट पत्ता सांगते. बालभारती १९६७ पासून आपल्याच गावात आहे, सेनापती बापट रस्त्यावर. आजवर कुणी गेल्याचं कळलं नाही. पार्किंगचा प्रश्न असणार.

आषाढी वारी निघाली की मात्र मला जरा बरे दिवस येतात. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्काम करून पुढे जाते आणि पोरं घसे बसवून वर्गात येतात. टाळ्यांचा ठेका हाताला लागलेलाच असतो. यंदा मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर तुकोबांचा अभंग लिहिला. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया.' म्हटलं, मोजा अक्षरं. बोटं उघडली, मिटली. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक. अर्थ कुणी विचारायचा नाही, मीसुद्धा नाही!

लगेच भांडण लागलं. 'ध्यान'मधला 'ध्या' एक धरायचा की दोन? जोडाक्षर एकच, असा निकाल दिला, तर खिडकीजवळचा एकजण म्हणाला, "पण लिहायला त्रास दोघांचा होतो." मुद्दा बिनतोड होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग वह्या निघाल्या. एकाने लिहिलं, 'आई म्हणे उठ, आई म्हणे उठ, आई म्हणे उठ, उठलो मी.' मोजून बघा, कुठे अक्षर सांडलेलं नाही. एरवी चार ओळींच्या निबंधात तीनदा 'मला तो खूप आवडतो' लिहिणारा हा मुलगा. आणि मागच्या बाकावरचा, जो कविता म्हटली की पाणी प्यायला जाऊ का विचारतो, त्याने वही पुढे केली:

आमच्या गल्लीत
पाणी नाही आले
आजोबा चिडले
फोनवर

वर्गाने टाळ्या वाजवून चारदा म्हटली. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मला वाटतं, त्यांच्याकडेही पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी पांढरा सदरा, हातात छत्री घेतलेले आजोबा उभे. बाजूला कवी, मान खाली.

"बाई, कविता वाचली. उत्तम आहे. पण तपशील चुकीचा आहे. मी फोनवर चिडलो नव्हतो, प्रत्यक्ष जाऊन चिडलो होतो."

"आजोबा, ते सहा होतात," कवी पुटपुटला. "शेवटी चारच लागतात."

आजोबांनी छत्री काखेत धरली, बोटं उघडली, ओठ हलवले.

"मग 'कचेरीत' घाल."

कवीने मोजलं. मीही मोजलं. बसत होतं.