पोचा, टेंगूळ आणि १४ नंबरचा पाना

तर झालं असं की माझ्या मोटरसायकलचा उजवा आरसा ढिला झाला होता. मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी माझंच कोपर दिसायचं, आणि माझं कोपर काय एवढं बघण्यासारखं नाहीये. काम दोन मिनिटांचं. १४ नंबरचा पाना घ्यायचा, नट आवळायचा, विषय संपला. पण मी एका हाताने आरसा धरला, दुसऱ्या हाताने पाना धरला आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून खिशात घालायला तिसरा हात शोधला. तो नसतो. पाना निसटला आणि पेट्रोलच्या टाकीवर पडला.

आवाज एवढासाच आला, "टक". पण गाडीवाल्यांना विचारा, हा टक कानाला नाही, थेट छातीला ऐकू येतो.

पोचा शर्टाच्या बटणाएवढा, रंगसुद्धा उडाला नव्हता. बायकोला बोलावलं तर ती म्हणे कुठंय? म्हणलं अशी इकडे ये, थोडी वाक, आता डोकं डावीकडे कर, आता ट्यूबलाईटची रेष टाकीवर बघ, ती सरळ येते आणि मधेच एका जागी ठेच लागल्यासारखी वाकडी होते, दिसली? ती म्हणाली, "अरे, एवढे आसन घालून कोण बघणारे तुझी टाकी?" मुद्दा बरोबर होता. पण मी बघणार होतो ना. त्या दिवसापासून मी गाडी चालवायचो ती पोच्याकडे बघत, समोर ट्रक आहे की काय याच्याशी आपला संबंध नाही.

मग व्हिडिओ बघितले. एक माणूस हेअर ड्रायरने पोचा तापवतो, वरून गार स्प्रे मारतो आणि पोचा "पॉक" करून बाहेर येतो. चार वेळा बघितल्यावर लक्षात आलं की तो बंपर आहे, प्लास्टिकचा. प्लास्टिक तापलं की मऊ पडतं आणि मूळच्या आकारात जातं, लोखंडी पत्र्याला असलं काही माहीत नसतं. १ मीटर लोखंड १०० अंशांनी तापवलं तर जेमतेम १.२ मिलिमीटर वाढतं. माझा पोचा १ सेंटिमीटरचा, त्याच्या वाट्याला किती आलं ते तुम्हीच काढा. पण हे गणित मी नंतर केलं. आधी ड्रायर आणला.

आई दारात उभी. "पेट्रोलच्या टाकीला हेअर ड्रायर?" एवढंच म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्याने मी ड्रायर परत जागेवर ठेवून आलो. आणि खरंच आहे ते, ड्रायरच्या आत लाल तापलेली तार असते आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेईल एवढी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे उडून न जाता पाहुण्यासारखी खालीच बसून राहते. त्यात गंमत म्हणजे भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोल कमी आणि वाफ नि हवा जास्त.

म्हणून टाकी काढली. सीट काढा, मागचा बोल्ट काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा, त्याचा पाईप ओढा, पेट्रोलच्या काट्याची वायर सोडवा, टाकी मागे सरकवून उचला. वाचायला सोपं आहे. पाईप ओढताना कॉक बंद केला होता पण पाईपमधलं पेट्रोल कोण बंद करणार, ते कोपरापर्यंत आलं (तेच कोपर, आरशातलं). पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी विसळली, उघड्यावर उन्हात ठेवली आणि खाली ओरखडे पडू नयेत म्हणून उशी दिली. उशी कोणाची होती यावर मी इथे बोलणार नाही.

ड्रायर नाही तर शेक तरी देऊ, म्हणून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पोच्यावर आणि लगेच बर्फ. गरम, गार, गरम, गार. आई जाता जाता म्हणाली, "ताप आलाय का तिला?" पोच्याला काहीही झालं नाही. टॉवेलला पेट्रोलचा वास लागला तो अजून आहे.

इथे आमचा एक मेकॅनिक मित्र प्रकटला. त्याने अंगठा फिरवला आणि निदान सांगितलं. पत्रा थोडासाच दबला तर आपला आपण परत येतो, पण टोकदार वस्तू पडली की तो तेवढ्या जागी ताणला जातो, चड्डीचं इलॅस्टिक एकदा सैल पडलं की पडलं तसं. बरं, आतून ढकलावं तर तोंडातून आत हात जात नाही, आणि गेला तरी टाकी घोड्यावरच्या खोगिरासारखी मधून पोकळ असते, तिथून गाडीच्या सांगाड्याचा पाईप जातो, त्यामुळे सळई नेमकी हवी तिथे पोचतच नाही. मी म्हणलं पंपाने हवा भरू का, आतून फुगेल. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फुगेल, पण पोचा नाही. खालचा सपाट तळ फुगेल आधी."

दुसरा मार्ग लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुटी, भरायचा. पण लांबीच्या आधी तिथला रंग घासून काढायचा, म्हणजे बटणाएवढ्या पोच्यासाठी तळहाताएवढा रंग गेला. मग लांबीत हार्डनर कालवून पाचेक मिनिटांत लावायची, नाहीतर डब्यातच दगड. मग घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, ३२०, ६००, मग प्रायमर, रंग, लॅकर. नवा रंग उन्हात फिक्या पडलेल्या जुन्याशी जुळत नाही, म्हणून पूर्ण टाकी रंगवायची, मग टाकी नवी दिसते म्हणून साईड पॅनल जुने दिसतात, ते रंगवायचे, आणि त्या हिशोबाने शेवटी मीच एकटा जुना दिसणार. म्हणलं राहू दे.

राहिला गोंदाचा प्रकार. ग्लू गनने गरम गोंद लावून प्लास्टिकची गोल टिकली पोच्यावर चिकटवायची, गोंद गार झाला की ओढायची. पहिली टिकली गोंदासकट हातात आली. दुसरी तशीच. मग स्पिरिटने टाकी पुसली, तिसरी घट्ट बसली, मी पाय टेकवून, दात आवळून असा ओढला की "पक्" झालं आणि मी उशीवर.

पोचा गेला होता! जागेवर टेंगूळ होतं.

जरा जास्त ओढलं गेलं. त्यावर उपाय म्हणजे प्लास्टिकच्या ठोकणीने हलक्या हाताने ठोकायचं. हलका हात हा प्रकार माझ्याकडे नाही. टेंगूळ गेलं, पोचा आला. ओढला, टेंगूळ आलं. संध्याकाळपर्यंत आमचं हे चाललं होतं आणि अंधार पडायच्या वेळेला कुठेतरी मधे, ट्यूबलाईटची रेष जवळजवळ सरळ आली. डोळे मिटून बोट फिरवलं तर अगदी थोडं लागतं, पण डोळे मिटून गाडी कोण बघतं?

घाईघाईत टाकी परत बसवली, पाईप लावला, पेट्रोल ओतलं आणि बायकोला बोलावलं. या वेळी ती आपणहून वाकली, डोकं डावीकडे केलं, आणि लगेच बोट ठेवलं. "हा होय? हा तर केवढा मोठा आहे रे."

"तो नाही, तो उजवीकडे," मी म्हणलं, आणि मग बघितलं. टाकीच्या डाव्या खांद्यावर चांगला अंगठाभर पोचा. बटणाचा तर हा बाप. गाडी स्टँडवर आणताना हँडल पूर्ण डावीकडे वळवलं होतं आणि काहीतरी अडतंय म्हणून जोर लावला होता, ते अडणारं म्हणजे टाकी. पुढच्या दोन रबरांवर ती नीट बसलीच नव्हती, पुढे आणि तिरकी राहिली होती, आणि हँडलवरचा स्विचचा डबा बरोबर तिथे येत होता.

मी काहीच बोललो नाही. बायको पण थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाना देऊ का?"