प्रत्येक जवानानं पेटकर का व्हावं?

२६ जानेवारी जवळ आली की जखमी जवानांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचा फोन थांबत नाही. "एखादा जखमी जवान पाठवा की मॅडम, सत्कार करायचाय." परवा एकानं विचारलं, "पाय नसलेला मिळंल का? स्टेजवर उठून दिसतं." मी फोन ठेवून दिला.

मग भाषणात हमखास मुरलीकांत पेटकर येतात. यायलाच हवेत. आपल्या कोल्हापूरशेजारच्या इस्लामपूरकडचा माणूस, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. (पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं, हे भाषणात कुणी सांगत नाही.) पण जखमी होऊन आलेल्या प्रत्येक पोरानं असंच काहीतरी अचाट करून दाखवावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेकांना सकाळी दोन म्हशींची धार काढून डेअरीला दूध घालायचं असतं, पोरीला शाळेत सोडायचं असतं. बास.

आणि तेवढंच अवघड आहे. फौज तिचं काम करते. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे, खडकीची क्वीन मेरीज संस्था तर १९१७पासून अपंग सैनिकांना हातचं काम शिकवते. अडतं ते गावी आल्यावर. पुण्यात फरशीवर झकास चालणारा गडी पावसाळ्यात उसाच्या सरीत उतरतो आणि कृत्रिम पाय तिथंच रुततो. उन्हाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पाय जिथं बसतो त्या खोबणीत, घाम साचून कातडी सोलते. एसटीची पायरी चढताना मागची माणसं ढकलतात. देशी संडासात बसता येत नाही, आणि हे बायकोलासुद्धा सांगवत नाही. कमोड बसवायला असा किती खर्च येतो? पण त्यासाठी देणगी मागितली की समोरचा गप्प. कमोडशेजारी उभं राहून फोटो कोण काढणार!

कामाचं तर विचारूच नका. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीवाल्यांकडं जाते, चहा मिळतो, मान मिळतो. "मेजर आहेत न्हवं? गेटवर बसवू की." अहो, त्यानं पलटणीत स्टोअर सांभाळलंय, नटबोल्टाचासुद्धा हिशोब दिलाय. त्याला स्टोअरला घ्या, मालाच्या तपासणीला बसवा. "पेन्शन आहे की त्यांना," हे ठरलेलं उत्तर. पेन्शन त्याच्या हक्काची आहे, ती काम न देण्याचं निमित्त नाही. पस्तिशीतल्या माणसानं उरलेलं आयुष्य पारावर बसून काढायचं का?

कोल्हापुरात फौजेचं कौतुक नवं नाही. घरोघरी फौजी असलेलं सैनिक टाकळीसारखं गाव याच जिल्ह्यात आहे. म्हणून तर इथल्या कारखानदारांकडं हक्कानं मागते.

जागा असेल तर मेसेज करा. काम तळमजल्यावर आहे की वर, संडास कसला आहे आणि पगार किती, हे तिन्ही लिहा. पगारावर घासाघीस मी करणारच.